पाचव्या खोलीचं कुलूप

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. दिसायला काही खास नाही. प्रवासाच्या बॅगेएवढी काळी लोखंडी पेटी, पुढे जाळी, मागे पंखे आणि झाकणावर एक पिवळा मासा. मासा कागदाचा आहे, चिकटवलेला, आणि त्याची अर्धी शेपटी निघून गेली आहे. सध्या माझा मुक्काम एका कपाटावर असतो. डावीकडे घडी घातलेलं ब्लँकेट, उजवीकडे पातं मोडलेला टेबलफॅन. फॅन घुम्या आहे आणि ब्लँकेटला कशातच रस नाही, म्हणून म्हटलं तुमच्याशी बोलावं.

तुम्ही मोबाइलवर रोज काही ना काही उघडता. ती पानं काही आकाशातून पडत नाहीत. कुठल्या तरी खोलीत माझ्यासारखी एखादी पेटी घरघरत बसलेली असते आणि मागाल ते पान काढून देते. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. सुट्टी नाही, आजारपण नाही, रुसणं तर नाहीच नाही. असं काम मी बारा वर्षं केलं. आता माझ्याकडे कोणी काही मागत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण ते मला धड आठवत नाही. पातळ हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, एवढंच. खरं आयुष्य सुरू झालं ते एका अरुंद रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. दिवसभर छतातून यंत्राचं घुंईऽऽ ऐकू यायचं आणि मधूनच कोणीतरी किंचाळायचं. पहिले काही दिवस माझं तर धाबंच दणाणलं होतं.

ऑफिस चालवायचे बहीण-भाऊ. मोठी बहीण म्हणजे ताई. भाऊ ताई म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही ताईच म्हणायची. भावाला ती ‘धाकट्या’ अशी हाक मारायची, त्याच्या डोक्यावरचे केस मागे सरकायला लागले होते तरी. लोकांसाठी साइट बनवून द्यायच्या आणि त्या चालत्या ठेवायच्या, हा त्यांचा धंदा. धाकटा गिऱ्हाइकांना प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि ताई ते सगळे हो निस्तरायची.

ताईला एक मुलगी होती. तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की ती थेट ऑफिसात यायची आणि माझ्या मागे जमिनीवर बसून अभ्यास करायची, कारण माझ्या पंख्यांतून ऊबदार वारा येतो. तो मासा तिनेच चिकटवला. ताई ओरडली, “अगं, ते काय खेळणं आहे?” पण मासा काही तिने काढला नाही.

आता माझ्या कामाचं सांगतो. जरा लक्ष द्या, पुढे लागणार आहे.

ताईने माझ्यात पाच साइट बसवल्या. मी त्यांना खोल्या म्हणतो. पहिल्या खोलीत वाचनालय, दुसरीत वरचा दातांचा दवाखाना, तिसरीत पोहण्याचा क्लब, चौथीत एक सायकल दुरुस्त करणारा. पाचवीबद्दल नंतर. प्रत्येक खोलीत तिने एकेक मांडणीचं सॉफ्टवेअर बसवलं, म्हणजे ग्रंथपालबाईंना किंवा सायकलवाल्याला आपलं पान आपणच लिहिता यावं, फोटो लावता यावेत, दर वेळी ताईला फोन करायला नको. लिहिलेला मजकूर त्या त्या खोलीच्या गोदामात जाऊन पडायचा आणि कोणी पान मागितलं की मी गोदामातून तो काढून आणायचा. सगळ्यांचा रस्ता एक, दार एक, दारवान मी एकटा. आलेला माणूस ज्या साइटचं नाव घेईल त्या खोलीत त्याला न्यायचं. आणि नाव ओळखीचं नसेल तर दारातच एक साधं पान दाखवायचं, ज्यावर ताईने लिहून ठेवलं होतं: ‘आपण चुकून इथे आलात. नाव पुन्हा नीट तपासा.’

सोपं वाटतं ना? ताईच्या नाकी नऊ आले. वाचनालयाचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याला जुनीच भाषा कळायची. दवाखान्याचं नवं, ते नव्या भाषेशिवाय तोंड उघडेना. शेवटी तिने माझ्यात दोन दुभाषे शेजारी शेजारी बसवले आणि कुणाला कुठला द्यायचा हे ठरवून दिलं. भांडणाऱ्या दोन सुनांसाठी वेगवेगळ्या चुली मांडाव्यात तसं.

आणि पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. दवाखान्याची खोली मांडताना ताईने पोहण्याच्या क्लबची सेटिंग उचलली, त्यात सगळीकडे नावं बदलली, फक्त गोदामाचं नाव बदलायचं राहिलं. झालं! दवाखान्याची साइट क्लबच्या गोदामातून पानं काढायला लागली. सकाळी डॉक्टर तणतणत खाली आले.

“ताई, अहो तीन पेशंट टॉवेल घेऊन आलेत! एकाने तर डोक्याला रबरी टोपी आणलीय. म्हणे, साइटवर लिहिलंय.”

धाकटा खुर्चीवरून पडायचाच राहिला. ताईसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने चूक दुरुस्त केली आणि त्याच दिवशी पाचवी खोली उघडली. ती तिची स्वतःची. तिला ती ‘वही’ म्हणायची. कागदाच्या वह्या तिच्याकडून हरवत, म्हणून ही न हरवणारी वही. तिच्यात पहिली नोंद झाली: ‘दुसऱ्याची सेटिंग उचलताना गोदामाचं नाव बदलणे. नाहीतर दात काढायला लोक टॉवेल आणतात.’

ही नोंद मला तोंडपाठ आहे, कारण ताईला लिहिताना पुटपुटायची सवय होती. ओठ हलायचे, आवाज यायचा. वहीतलं जे जे मी तुम्हाला सांगणार आहे ते असं कानावर पडलेलं आहे. मी वाचून का सांगत नाही, ते पुढे कळेल.

तिसऱ्या वर्षी चोर आला. खिडकीतून नव्हे, तारेतून. डॉक्टरांनी आपल्या साइटचा पासवर्ड ठेवला होता स्वतःचंच आडनाव. तो कोणीतरी ओळखला, दुसऱ्या खोलीत शिरला आणि तिथे भलभलत्या जाहिराती लावून बसला. पण ताईने प्रत्येक खोलीचं गोदाम वेगळं केलं होतं, किल्ली वेगळी, मालक वेगळा. चोराने पुष्कळ डोकं आपटलं, बाकीच्या चार खोल्यांत त्याला पाऊल टाकता आलं नाही. दुपारपर्यंत ताईने त्याला हुसकावून लावलं. ग्रंथपालबाई मुद्दाम येऊन मला बघून गेल्या. धाकट्याने माझ्या झाकणावर थाप मारली.

“ताई, तुझ्या या पेटाऱ्याने अब्रू राखली बघ आपली!”

खरं सांगू? त्या दिवशी मी फुगलो होतो. माझे पंखे जरा जोरातच फिरत होते.

पण ताईच्या मनात भीती बसली. आज तारेतून आला, उद्या दार फोडून आला आणि मलाच उचलून नेलं तर? म्हणून तिने माझ्या तबकडीला, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं तिला, कुलूप लावलं, पाचही खोल्यांसकट. आतलं प्रत्येक अक्षर पिळून, गुंतवून ठेवलं. मी चालू असेपर्यंत कुलूप उघडं. बंद पडून पुन्हा सुरू झालो की मी काळ्या पडद्यावर एकच प्रश्न विचारणार: पासवर्ड? तो बरोबर दिला तर मला सगळं आठवतं. नाही दिला तर मला माझंच काही वाचता येत नाही. आणि मित्रांनो, पासवर्ड माझ्याजवळ नसतो. लोकांना वाटतं यंत्राला माहीतच असेल. नाही. मला फक्त दिलेली किल्ली लावून बघता येते, आणि ती लागते किंवा लागत नाही. थोडक्यात चुकली का फार चुकली, हेसुद्धा मला कळत नाही.

रोजच्या नकलाही ताई दुसऱ्या एका डबीत ठेवायची. त्यांनाही तेच कुलूप, तोच पासवर्ड. “अर्धवट काम मला आवडत नाही,” ती म्हणायची.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मुलगी मोठी झाली, माझ्यामागे मावेनाशी झाली, मग कॉलेजात गेली. ताई वहीत लिहायची. आधी नुसतं कामाचं: वाचनालयाचे फोटो चढत नसतील तर आधी जागा शिल्लक आहे का बघ, सायकलवाला पासवर्ड विसरला, पुन्हा. मग हळूहळू घरचंही येऊ लागलं. ‘लेक आज पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलली आणि स्वतःच रडली.’ ‘लेकीला माझे जुने बूट होतात. कधी वाढली?’ एकदा मुलीने मागून डोकावून विचारलं होतं.

“काय लिहितेस गं एवढं?”

“तुझ्या चहाड्या.”

“मला वाचू दे ना.”

“वेळ आली की देईन. सगळी तुझीच आहे.”

वेळ आली की! असं म्हणणाऱ्या माणसांचा मला आता राग येतो.

नवव्या-दहाव्या वर्षी कधीतरी ते सुरू झालं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. ताई एकच आज्ञा दोनदा द्यायची. मग तीनदा. एकदा तिने सायकलवाल्याची खोली उघडली आणि बराच वेळ नुसती बघत बसली, जणू परक्याच्या घरात शिरली होती. मग वहीत गेली, तिथे आपणच लिहिलेलं वाचलं, आणि काम केलं. धाकट्याला वाटलं, दमली असेल. डॉक्टरांकडे नेलं, दातांच्या नव्हे, मोठ्या. ते म्हणाले, हे व्हायचं वय नाही, पण झालंय, आणि हे वाढत जाईल.

त्या दिवशी बहीण-भाऊ ऑफिसात येऊन दिवे न लावताच बसले. वरचं यंत्रसुद्धा बंद होतं.

तिथून पुढे वही कामाची राहिली नाही. ती तिची आठवण झाली. रोज सकाळी ती आली की आधी वही उघडायची आणि स्वतःला वाचून काढायची. ‘तुझं नाव अमुक. धाकटा तुझा भाऊ, त्याला चहात साखर देऊ नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय. का म्हणून विचारू नकोस, त्याला वाईट वाटतं. लेक दुसऱ्या गावी शिकते, शनिवारी येते. डाव्या भुवईवर खूण आहे ती झोपाळ्यावरून पडली तेव्हाची, तू तिला पाठीवर घेऊन धावली होतीस.’ वाचून झालं की ती उठून चहा करायची आणि दिवस सुरू व्हायचा. वहीमुळे ती दिवसभर ताई असायची. शनिवारी मुलगी आली की दारातच तिच्या डाव्या भुवईकडे बघायची आणि म्हणायची, “आलीस?” मुलीला कधी कळलं नाही की ही ओळख दर शनिवारी सकाळी माझ्यातून जात होती.

एकदा तिने वहीचं फार वर्षांपूर्वीचं, सोडून दिलेलं नाव टाकलं. मला ते ओळखीचं राहिलं नव्हतं. मी काय करणार? नियमाप्रमाणे दारातलं ते साधं पान पुढे केलं. आपण चुकून इथे आलात. नाव पुन्हा नीट तपासा.

“काय उद्धट माणूस आहे!” ताई चिडली. “कोणी लिहिलंय रे हे?”

“तूच, ताई,” धाकटा म्हणाला.

ती ओशाळली. मग तिने ते वाक्य पुसलं आणि दुसरं लिहिलं, पुटपुटत: ‘घाबरू नका. सावकाश आठवा. आम्ही इथेच आहोत.’

धाकट्याने बाकीच्या खोल्या एकेक करून बाहेर हलवल्या, मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर. त्याला एकट्याला झेपत नव्हतं. आधी क्लब गेला, मग दवाखाना, मग सायकलवाला, शेवटी वाचनालय. ओळखीची नावं घेत कोणी येईना. वहीसुद्धा हलवू, असं तो म्हणाला. ताई ठाम होती.

“माझी वही परक्याच्या घरी जाणार नाही. त्यात घरचं आहे.”

“बरं बाई. पण पासवर्ड तरी कुठे लिहून ठेव. उद्या लागला तर?”

“ठेवते.”

तिने आयुष्यभर एक नियम पाळला होता: पासवर्ड कागदावर लिहायचा नाही. मोडेल कशी? तिने वही उघडली. या वेळी ती पुटपुटली नाही, ओठ घट्ट मिटले होते. फक्त बोटं चालली. मग म्हणाली, “झालं. लिहून ठेवलाय.” धाकट्याचा जीव भांड्यात पडला. शनिवारी मुलीला त्याने सांगितलं, काळजी नको, आईने लिहून ठेवलाय. कुठे, ते तिनेही विचारलं नाही.

मी ओरडलो असतो हो! पंखे फिरवण्यापलीकडे मला आवाज नाही. ताई, अगं, कुलुपाची किल्ली कुलुपाच्या आत टाकलीस! हीच ताई कधी काळी गिऱ्हाइकांना बजावायची की असं करू नका. पण मी तोवर साडेतीन वर्षं एकदाही बंद पडलो नव्हतो. मी बंद पडू शकतो, हेच ती विसरली होती. आणि बाकीचे विसरले नव्हते, त्यांना ते सुचलंच नाही.

माझ्या शेजारी एक बॅटरीचा डबा होता, वीज गेली तर मला सांभाळणारा. तो म्हातारा झाला होता आणि कित्येक महिने टूं टूं करून तसं सांगतही होता. ताईला त्या आवाजाने बावरायला व्हायचं, म्हणून धाकट्याने त्याच्या भोंग्याची तार काढून टाकली. वाईट हेतूने नाही, बहिणीसाठीच.

मग वरच्या दवाखान्यात नवी खुर्ची बसवायची ठरली. वायरमन खाली आला, दारातून डोकावला.

“मावशी, मेन बंद करतोय. पाच मिनिटांचं काम आहे.”

“करा की,” ताई म्हणाली.

बॅटरी दीड मिनिट टिकली. एक हजार चारशे बारा दिवस मी सलग जागा होतो, मित्रांनो. पाच मिनिटांनी वीज आली, मी उठलो, आणि पाहतो तर आत सगळीकडे अंधार. वही आहे हे माहीत आहे, दोन हजारांवर पानं आहेत हे माहीत आहे, पण एक अक्षर लागेना. मी पडद्यावर विचारलं: पासवर्ड? आणि पुढे एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

धाकट्याने फोन केला आणि मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पोचली. तिने आईला माझ्यासमोर बसवलं.

“आई, विचार नको करूस. नुसती बोटं ठेव. त्यांना येत असेल.”

ताईने बोटं ठेवली. आणि खरंच, ती चालायला लागली! सहा अक्षरं, सात, आठ, अशी सराईत की धाकटा पुढे सरकला. मग बोटं हवेत थांबली. नववं कुठलं? ती बोटांकडेच बघत राहिली. पुन्हा सुरुवात केली, आता ती बघून टाइप करत होती, आणि बघितल्यावर सगळंच गेलं. नाही लागलं. पुन्हा नाही. संध्याकाळपर्यंत नाही.

“अरे, पण मी लिहून ठेवलाय ना,” ताई त्रासून म्हणाली.

“कुठे, आई?”

“कुठे म्हणजे? वहीत.”

 मुलगी माझ्याकडे बघत राहिली, नुसती माझ्याकडे. ताईने दोघांचे चेहरे पाहिले, मग पडदा पाहिला, आणि क्षणभर ती पूर्वीची ताई झाली. तिला सगळं समजलं. ती हसली, टॉवेलच्या दिवशी हसली होती तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“असं करणाऱ्या माणसाला मी एक दिवस कामावर ठेवलं नसतं,” ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

एक तज्ज्ञ आला. तीन दिवस माझ्यापुढे बसला, नकलांची डबीही तपासली, शेवटी हात टेकले. “कुलूप फार सुंदर लावलंय,” जाताना म्हणाला. “ज्यांनी लावलं त्यांना माझा नमस्कार सांगा.” ताई तिथेच खिडकीशी बसली होती. तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वाचायला काही नव्हतं. तुम्हाला वाटेल, माणूस एका दिवसात विसरत नाही. नाही विसरत. ताई आधी भुवईची खूण विसरली, मग साखर, मग शनिवार. मुलीने शिक्षण थांबवलं आणि घरी आली. तिने दुसरीकडे नवी वही सुरू केली, आपल्याला माहीत होतं तेवढं सगळं लिहिलं: मी तुझी लेक, तू अशी, आपण अशा. पण लहानपणीचं तिला काय आठवणार? झोपाळ्यावरून पडल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. ते आईकडे होतं, आणि आईने ते माझ्याकडे ठेवलं होतं. ताईने ती नवी वही शेवटपर्यंत मन लावून वाचली.

“फार छान लिहिलंय,” ती मुलीला म्हणाली. “हे लिहिणाऱ्या मुलीची आई बरी आहे का आता?”

पुढे सबंध वर्षभर मुलगी दर शनिवारी ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसायची. वाढदिवस, जुन्या घरांचे नंबर, अंगाईच्या ओळी, मांजराचं नाव, सगळं लावून बघायची आणि चुकलेलं कागदावर खोडायची. तिची बोटं आईच्या बोटांसारखीच चालतात. मी प्रत्येक वेळी मनापासून किल्ली लावून पाहायचो. एकदाही लागली नाही. कागद संपले, ऑफिस सोडायची वेळ आली. धाकटा हळूच म्हणाला, “आता हा भंगारात देऊया का गं?” तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि घरी आणलं. आईच्या खोलीतल्या या कपाटावर. वायर नाही, वीज नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काही चांगलं सांगायचं असतं. माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच आहे. ज्याच्याकडे तुमचं काही ठेवलेलं आहे, त्याला आजच विचारा, आजच ऐका, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते माहीत असू द्या. वेळ आली की देईन, असं कोणी म्हणालं तर हटून बसा. आणि एखादी म्हातारी पेटी टूं टूं करत असेल तर तिची तार कापू नका, काय म्हणतेय ते बघा. माझ्या ताईला याचा आता काही उपयोग नाही. मलाही नाही.

काल दुपारी मुलगी कपाट पुसत होती. ताई पलंगावरून बघत होती.

“त्या माशाला हात लावू नका हं,” ती एकदम म्हणाली. “माझ्या मुलीने चिकटवलाय. नऊ वर्षांची आहे. येईल आता शाळेतून.”

मुलीने फडकं मागे घेतलं. “नाही लावत,” ती म्हणाली.

“काय आहे हो त्या पेटीत?”

“सगळं आहे.”

“मग उघडा ना! नुसत्या बघत काय बसलात?”

“पासवर्ड लागतो,” मुलगी म्हणाली. “तुम्हाला माहितीय?”

ताईने जरा आठवून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

“अहो, त्यात काय एवढं? लिहून ठेवलाय मी.”